एफ बारा, एफ तेरा

रविवारी साडेबाराचा प्रयोग.
जेवायचं आधी की नंतर
यावर दोन दिवस वाद,
शेवटी दहालाच पिठलं-भात,
आणि रिक्षावाल्याला अच्युतने समजावून सांगितलेला
भरत नाट्य मंदिराचा रस्ता,
जो त्याला माहीत होता.

पायऱ्या चढताना कळलं
कानातल्या यंत्राचा सेल संपलाय.
दुसरा?
टीव्हीजवळ.
तिसरी घंटा झाली. मोबाइल बंद ठेवायची विनंती झाली
आणि लगेच कुणाचातरी वाजला.

पडदा सरकला, पहिली टाळी नेपथ्याला:
निळसर दिवाणखाना, भिंतीवर लंबकाचं घड्याळ
दहा वाजून दहावर अडलेलं.
गोष्ट सगळ्यांना ठाऊक.
तो घड्याळ दुरुस्त करायला येतो
आणि जाताना बिघडवून जातो,
म्हणजे उद्या पुन्हा यायला हवं.
तिला हे दुसऱ्याच दिवशी कळतं,
तिच्या वडिलांना शेवटपर्यंत नाही.

पहिला हशा.
अच्युत माझ्याकडे बघतो.
मी कानाशी वाकून वाक्य सांगते,
सांगताना निम्मं मीठ सांडतं,
तरी तो हसतो
दणदणीत, एकटा,
सगळं नाट्यगृह गप्प झाल्यावर.
ई रांगेतलं एक टक्कल मागे वळतं.

मग तसंच चालू राहिलं.
आधी सगळे हसायचे, मग एक.
चौथ्या वेळी वडिलांचं काम करणारा नट
बोलता बोलता थांबला,
चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसत राहिला
आमच्या दिशेने कान करून,
आणि अच्युतचं हसू पोचल्यावरच
पुढचं वाक्य टाकलं.
त्यावर टाळी.
मला घाम.

मध्यंतरात वड्याच्या रांगेत
लिंबू रंगाच्या साडीतल्या बाई म्हणाल्या,
तुमचे मिस्टर छान हसतात हो,
जरा उशिरा, पण छान.

तिसऱ्या अंकात दिवे उतरले.
तो स्टुलावर, घड्याळाचं दार उघडून,
ती खाली कंदील धरून.
वाक्य मुळातच हळू, नटाने आणखी हळू घेतलं:
हे नीट चालायला लागलं,
तर मी कुठे जायचं?
कुणी हसलं नाही.
खोकलंही नाही कुणी.
अच्युत माझ्याकडे बघत होता.

विनोद सांगणं सोपं होतं.
एकेचाळीस वर्षांत याच्या कानाशी मी
गॅस बंद केलास का, किल्ली घेतलीस का,
आणि एकदा दवाखान्याच्या बाकावर
रिपोर्ट बरा आलाय,
एवढंच सांगितलेलं.
वाकले.
कानाला खोबरेल तेलाचा वास.
सांगितलं.

काय? तो म्हणाला, त्याच्या नेहमीच्या आवाजात.

पुन्हा सांगितलं,
एफ रांगेला, बहुधा जी रांगेलाही
ऐकू जाईल असं.
स्टेजवरची मुलगी कंदील धरून थांबली होती.
हात भरून आला असेल तिचा.
तो हसला नाही. मान हलवली फक्त,
पासबुकात नोंद झाल्यासारखी.

बाहेर साडेतीनचं ऊन,
दुकानं मिटलेली, सेल मिळेल ते मेडिकलही.
रिक्षा मिळेना म्हणून टिळक रोडपर्यंत चालत.
तो म्हणाला, एकोणऐंशी साली
ते वाक्य पाठमोरा उभा राहून घ्यायचे.
हा पोरगा बरा म्हणाला.

मी थांबले.
म्हणजे तुला नाटक पाठ आहे?
सात प्रयोग पाहिलेत, म्हणाला,
तू यायच्या आधी.
मग दर वेळी
माझ्या तोंडाकडे काय बघत होतास?

एक पीएमपी गेली,
नंतर दोन स्कूटर,
नंतर काहीच नाही, रस्ता अगदी मोकळा.

काय? तो म्हणाला.